‘उद्या त्याची आई आली तर?’

फॉस्टर केअरची, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळण्याची, चौकशी करायला आमच्या ऑफिसात येणारी जोडपी पहिल्या भेटीत कागदपत्रांचं विचारतात. दुसऱ्या भेटीत ‘चोरीबिरी करणार नाही ना?’ हे येतं. खरा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतो, तोही बहुधा चहाचा कप बशीत ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता. ‘मॅडम, आम्ही जीव लावायचा आणि उद्या त्याची आई आली तर?’

या प्रश्नाला मी पूर्वी एक तयार उत्तर द्यायचे. आता देत नाही. त्याऐवजी एका मुलाबद्दल सांगते.

त्याचं नाव सांगणार नाही. बाल न्याय अधिनियमाचं 74 वं कलम मुलाची ओळख उघड करू देत नाही, आणि ते कलम नसतं तरी सांगितलं नसतं. खोटं नावही ठेवत नाही. ज्या कारखान्यातून तो पळाला तिथे त्याला सगळे ‘छोटू’ म्हणत. त्याचं नाव एकदा काढून घेतलं गेलंय, तेवढं पुरे. घरातल्या माणसांच्या ओळखीच्या खुणाही मी बदलल्या आहेत.

जुलैतल्या एका सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापूरला रिकामी झाली आणि जनरलच्या डब्यात हा दहा वर्षांचा मुलगा उरला. कल्याणला तो ‘मोठी गाडी’ बघून चढला होता. गावाहून आणलं तेही अशाच लांबलचक गाडीतून, मग तीच गाडी परतही नेणार, असा त्याचा हिशेब. कोल्हापूरच्या पुढे रूळच नाहीत. आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, जवानाने त्याला बाकावर बसवलं, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन गेला, दवाखान्यात तपासणी झाली आणि कायद्यात सांगितलेल्या 24 तासांच्या आत तो बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, उभा होता. अंगात मोठ्या माणसाचा टी-शर्ट, बोटांच्या पेरांवर सुईच्या टोचण्या. जरीकामातली पोरं हातावरूनच ओळखू येतात. कारखान्याची केस मुंबईकडे गेली, तो विषय वेगळा.

अशी एकटी आलेली बहुतेक मुलं काही आठवड्यांत आपापल्या जिल्ह्यात परत जातात, आणि ते योग्यच आहे. बालगृहाचं पहिलं उद्दिष्ट मुलाला कुटुंबात पोचवणं हे कायद्यातच लिहिलंय. याचं घोडं अडलं पत्त्यावर. वडील वारलेले, आईकडे फोन नाही, आणि त्याने सांगितलेल्या नावाची गावं बिहारच्या तीन जिल्ह्यांत निघाली. तिन्हीकडून कळवलं, असा मुलगा आमच्याकडचा नाही. पाच महिने तो बालगृहात राहिला. (लोक बालगृहाला अजून ‘रिमांड होम’ म्हणतात. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं, ते वेगळं. हा फरक समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली.) मग समितीने ठरवलं की शोध चालू राहू दे, पण तोवर पोराने एका घरात राहावं.

ते घर होतं एका काकूंचं. नवरा-बायको दोघं, मुलगी लग्न होऊन गेलेली, आणि ऐंशी ओलांडलेले सासरे. गृहभेटीला गेले तेव्हा काकूंनी तोच प्रश्न विचारला, आणि मी माझं तयार उत्तर काढलं. फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे. जन्मदात्यांचं नातं कायद्याने तुटत नाही, मुलाची परतण्याची वाट उघडी ठेवायची असते, वगैरे. काकूंचा चेहरा पडत चालला होता. तेवढ्यात खाटेवरून सासरे बोलले, ‘वळिवड्याला पोलंडची माणसं होती. मी पोरगा होतो तेव्हा. आमचा बा त्यांच्यात दूध घालायचा. तुमी परत कधी जाणार म्हणून कुणी त्यास्नी इचारलं न्हाई.’ 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले आणि त्याचंच पुढे गांधीनगर झालं. हे मी शाळेपासून ऐकत आलेय, पण फॉस्टर केअरच्या मुलाखतीत कुणी उदाहरण म्हणून देईल असं वाटलं नव्हतं. अर्ज त्या दिवशीच भरला गेला.

डिसेंबरात मुलगा त्या घरी आला.

पहिल्या आठवड्यात काकूंचे फोनवर फोन. खातो भरपूर, पण ताट घेऊन दारापाशी बसतो. पिशवीतले कपडे कपाटात ठेवू देत नाही. ‘मला आई म्हण’ म्हटलं तर खाली बघतो. मी म्हटलं, ताई, त्याला आई आहे. तुम्हाला काय म्हणायचं ते त्याचं त्याला ठरवू दे. दोन दिवसांनी त्याने ‘काकी’ म्हणून हाक मारली. काकूंना वाटलं, शेजारच्या पोरांचं ऐकून मराठी शिकला. पण मैथिलीतही, म्हणजे त्याच्या घरच्या भाषेतही, काकीला काकीच म्हणतात. त्याने आपल्या घरातला शब्द उचलून त्यांना दिला होता. ते कळायला आम्हाला पुढे कित्येक महिने लागले.

एकदा काकू एक कागद घेऊनच ऑफिसात आल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीच्या उभ्या रेघा, पाच-पाचचे जुडगे करून, ओळीने. मी बघितलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, ‘दिवस मोजतोय. घरी जायचे दिवस.’ काकू तिथेच रडल्या. मीही वहीत ‘घराची तीव्र ओढ’ असं लिहून मोकळी झाले.

रेघा मोजल्या असत्या तरी कळलं असतं. बावीस दिवसांत सत्तरच्या वर रेघा होत्या.

पुढच्या भेटीत मी त्यालाच विचारलं. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, ‘खाना.’ एक जेवण, एक रेघ. मधल्या चहा-बिस्किटाची अर्धी, म्हणजे आखूड रेघ. कारखान्यात खुराकी, म्हणजे जेवणाचे पैसे, कापत. गावच्या ज्या माणसाने त्याला आणलं त्याने आईच्या हातावर आगाऊ पैसे ठेवले होते. ते फिटेपर्यंत काम, आणि फिटत आले की जेवणाचे, आजारपणाचे, तुटलेल्या सुईचे वाढत. इथेही असंच असणार, हे त्याने धरून चाललं होतं. काकू जितक्या प्रेमाने वाढत, तितकं त्याचं कर्ज चढत होतं. म्हणून तो दाराजवळ बसायचा, म्हणून पिशवी भरलेली. आम्ही त्याच्या मनात आईला शोधत होतो आणि पोरगं उधारी लिहीत बसलं होतं.

काकूंनी जवळ घेऊन सांगितलं, ‘बाळा, आपल्या घरात पैसे नसतात घ्यायचे.’ त्याने मान हलवली आणि रात्री रेघ मारली. प्रेमाचं बोलणं त्याने आधीही ऐकलं होतं. गावाहून आणणारा माणूसही ‘मामा’च होता.

मग काकांनी बँकेचं पासबुक काढलं. ही युक्ती माझी नाही, त्यांची. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून फॉस्टर केअरच्या मुलामागे महिन्याला 4,000 रुपये मिळतात. काकू ते सगळ्यांपासून लपवत होत्या, कारण गल्लीत एक-दोघी ‘पैशासाठी पोर ठेवलंय’ म्हणाल्याच होत्या. पोराच्या कानावर जाऊ नये ही त्यांची धडपड. काकांनी पासबुक त्याच्यासमोर उघडलं, आकड्याखाली बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘ये देख. तेरे खाने का पैसा सरकार देती है.’ त्याने आकडा वाचला. पान उलटून पुढचं बघितलं. मग विचारलं, ‘और कटता नहीं?’

‘नहीं कटता.’

त्या रात्री रेघ नाही. तिसऱ्या दिवशी कपडे कपाटात गेले. काकूंना थोडं लागलंच. इतकं केलं आणि पोरगं विरघळलं ते सरकारच्या पैशावर! मी हसले, त्याही हसल्या. पण ज्याला प्रेमाच्या नावाखाली विकलंय त्याला आधी हिशेब चोख दिसावा लागतो. माया त्याच्या मागून येते.

आणि ती आली. मार्चपर्यंत तो सासऱ्यांचा चष्मा पुसून द्यायला लागला, शाळेत कबड्डी खेळायला लागला, ‘भूक लागली’ मराठीत ओरडायला लागला. नेमका तेव्हाच आम्हाला दुभाषा मिळाला.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम करणारा, बिहारातल्या मधुबनीकडचा माणूस, समितीने रीतसर परवानगी देऊन बोलावला. तोवर मुलगा आमच्याशी मोडक्या हिंदीत चार-चार शब्द बोलायचा. त्या माणसाने मैथिलीत एक वाक्य टाकलं आणि पोरगं अर्धा तास थांबलं नाही. पोखर, म्हणजे तळं. कमला नदीचं पाणी कुठपर्यंत चढतं. आठवड्याचा बाजार कुठल्या वारी. ऐकून तो माणूस म्हणाला, ‘मॅडम, हे जे नाव सांगतोय ते गावाचं नाही, टोल्याचं आहे.’ टोला म्हणजे वाडी-वस्ती. आठ महिने आम्ही सगळी सरकारी यंत्रणा एका वस्तीला गाव समजून कामाला लावली होती.

ही बातमी काकूंना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘आता रुळलाय की ओ तो. इतक्या दिवसांनी कशाला उकरून काढायचं?’

त्यांच्या प्रश्नाच्या पोटात दडलेलं होतं ते हे. ‘आई आली तर’ ही भीती वाढता वाढता ‘आई न सापडली तर बरं’ इथे येऊन पोचते, आणि भल्या माणसांचीही पोचते. मी चिडले. म्हटलं, तिकडे एक बाई दारात उभी आहे, तिचं काय? चिडायला नको होतं. काकू उठून गेल्या आणि चार दिवस माझा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी काकांचा आला. ‘कागद पाठवा पुढं. तिनंच सांगितलंय.’

तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाने सामाजिक चौकशी केली. आई होती, आणखी तीन लेकरं होती, आणि आणणारा ‘मामा’ गावातच उजळ माथ्याने फिरत होता. अशा घरी मुलाला नुसतं नेऊन सोडलं तर दोन महिन्यांत तो पुन्हा कुठल्यातरी गाडीत बसवला जातो. म्हणून तिथल्या समितीने आधी आईला प्रायोजकत्वाची मदत, म्हणजे मूल स्वतःच्याच घरी राहावं म्हणून मिळणारे सरकारी पैसे, लावली, शाळेत नाव घातलं, त्या माणसाविरुद्ध तक्रार नोंदवली. यात ऑक्टोबर उजाडला. दरम्यान दर रविवारी व्हिडिओ कॉल, तिकडच्या कार्यकर्त्याच्या मोबाइलवरून.

पहिल्या कॉलला मी हजर होते. आईने पडद्याला बोट लावलं, तर कॉलच कट झाला. परत लावला. तिने एकच काहीतरी विचारलं. दुभाषा बोलायच्या आत काकू मराठीत म्हणाल्या, ‘हो हो, जेवलाय. दोन भाकऱ्या खाल्ल्या.’ तिकडून आईने मान डोलावली.

काकूंनी मला नंतर पुन्हा विचारलं, आता सांगा, जीव लावायला नको होता ना? मी म्हटलं, तुम्ही हातचं राखून वागला असता तर तो अजून दाराजवळ बसून रेघा मारत असता, आणि आईकडेही तसाच गेला असता. तुमच्याकडे त्याला बिनहिशेबी खायची सवय झाली. ती त्याच्या आईच्या उपयोगी पडणार आहे. ‘आणि मला जे होणार त्याचं काय?’ ते होणार. पोलीस आणि बालगृहाच्या ताईंसोबत तो गाडीत बसला त्या दिवशी काकूंना ताप भरला, आठवडाभर त्या धड जेवल्या नाहीत. मी दोनदा जाऊन नुसती बसून आले. यावर गोळी नाही, तंत्रही नाही, आणि असल्याचं सोंग मी आता आणत नाही.

पण दोन गोष्टी आधीच सांगते. मूल हवंय आणि दत्तकाची रांग लांब आहे, म्हणून या वाटेने येऊ नका. दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तकाचा विचार होऊ शकतो, पण मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं असेल तरच. ज्याचं कुणीतरी कुठेतरी वाट बघतंय त्याच्याबाबतीत ती आशा धरली की तुम्ही नकळत शोधाच्या आड येता. दुसरं, लग्न झालेलं नाही किंवा जोडीदार नाही म्हणून मागे फिरू नका. 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 35 ते 60 वयातली एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. एकटी बाई मुलगा-मुलगी दोन्ही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा.

मुलगा गेला तो छठच्या, म्हणजे दिवाळीनंतर येणाऱ्या तिकडच्या मोठ्या सणाच्या, आधी पोचला. एक पिशवी घेऊन आला होता, दोन घेऊन गेला. शाळेचा गणवेश काकूंनी घातलाच होता त्यात, तिकडे त्याचा काय उपयोग कोण जाणे. रविवारचा कॉल अजून होतो, पूर्वीइतका नेमाने नाही.

मागच्या महिन्यात समितीकडे दोघी बहिणी आल्या, आठ आणि अकराच्या. ओडिशातून वीटभट्टीवर आलेल्या आई-बापापासून चुकलेल्या. मी फोन हातात घेऊन बराच वेळ विचार केला आणि मग काकूंना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘बरं. रविवारी या, ह्यांच्याशी बोलून ठेवते. आणि मॅडम, ह्या वेळी पोरींनी भिंतीवर काय लिहिलं तर आधी त्यांनाच विचारा हं.’