बायको करते म्हणून ते फुकट?

प्रश्न : माझे मिस्टर ३१ वर्षांचे आहेत. शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी (धातू कापणारं संगणकीय मशीन) ऑपरेटर होते, पगार १८ हजार. साडेचार महिन्यांपूर्वी सेकंड शिफ्ट संपवून मोटारसायकलवरून घरी येताना मागून टेम्पोने ठोकलं. मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. पाय हलत नाहीत, हात उचलतात पण बोटांत पकड नाही. मी शिलाईकाम बंद केलं. मी आणि सासूबाई मिळून त्यांचं सगळं करतो. टेम्पोच्या विमा कंपनीचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. चौदा लाखांत फुल अँड फायनल करा म्हणतो, तुम्ही घरचेच करताय, केअरटेकरचं बिल नाही, कोर्ट त्याचे पैसे देणार नाही, असं सांगतो. धाकट्या दिरांना हे पटलंय. त्यातच सही जुळत नाही म्हणून बँक पैसे काढू देत नाही, कोर्टातून पालक नेमून आणा म्हणते. कारखाना राजीनामा मागतोय. काय करू?

उत्तर : ताई, कशावरही सही नको, अंगठा नको. स्टॅम्पपेपरवर नको, कोऱ्या कागदावर तर नकोच. एवढं आज घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरी घाई मुदतीची. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२२ पासून भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर तुम्ही बसू नका. तुमच्याकडे दीड महिना आहे. पुष्कळ घरं दिव्यांग प्रमाणपत्राची वाट बघत थांबतात. प्रमाणपत्र नंतर जोडता येतं. आता एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, पगारपत्रकं आणि टेम्पोचा आरसी-विमा एवढ्यावर दावा दाखल होतो. तुम्ही राहता त्या भागाच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे कोल्हापुरातच तो करता येतो. मोटारसायकल पोलीस ठाण्यात किंवा गॅरेजला पडून असेल तर दुरुस्त करू नका. मागचा मडगार्ड, टेललाइट, नंबरप्लेट यांचे जवळून फोटो काढा. मागून ठोकलं हे सांगायला त्यांच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. तो माणूस त्याच्या कंपनीचं काम करतोय, पण त्याचं म्हणणं कायद्याला धरून नाही. घरच्या माणसांनी पैसे न घेता सेवा केली म्हणून जखमीची भरपाई कापता येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटलंय आणि तो निकाल आजही दाखवला जातो. पुढे २०२० मध्ये काजल विरुद्ध जगदीश चंद या खटल्यात अपघाताने कायमची परावलंबी झालेल्या मुलीसाठी सर्वोच्च न्यायालयाने दोन मदतनिसांचा खर्च धरला, आणि तोही ठोक नाही, तर कमाईच्या नुकसानीसारखा वयाच्या गुणकाने (वर्षाची रक्कम वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणून) मोजला. ३१ ते ३५ वयाला हा गुणक १६ आहे (सरला वर्मा खटला, २००९).

हिशोब तुम्हीच करून बघा. महिना ८ हजारांचा एकच माणूस धरला तरी ८,००० × १२ × १६, म्हणजे १५ लाख ३६ हजार. तुम्हाला देऊ केलेले चौदा लाख या एकाच बाबीत संपले! मानेच्या मणक्याच्या पेशंटला पलंगावरून खुर्चीत बसवायला एका माणसाचं काम नाही, हे तुमची कंबर सांगत असेलच. दोन माणसं मागायची.

कमाईचं वेगळं. १८ हजारांचे वर्षाचे २ लाख १६ हजार. नोकरी कायम नसेल तर चाळिशीच्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवतात (कायम असेल तर ५०), म्हणजे ३ लाख २ हजार ४००. त्याला १६ ने गुणलं की ४८ लाख ३८ हजार ४००. इथे कंपनीचा वकील दिव्यांग प्रमाणपत्रातल्या टक्केवारीवर भांडेल. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०११ च्या निकालाप्रमाणे शरीर किती टक्के अधू झालं यावर थांबायचं नसतं. त्या अधूपणामुळे कमाईची ताकद किती गेली, ते बघायचं असतं. ज्याच्या बोटांत पकड नाही तो व्हीएमसीवर जॉब लावू शकत नाही, तेव्हा त्याची ती ताकद पूर्ण गेली असं म्हणता येतं. नुसता कागद जोडून भागत नाही, डॉक्टरांची साक्ष लागते. प्रमाणपत्रासाठी सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) जा आणि यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या. त्याशिवाय फिजिओथेरपी, एअर बेड, लघवीच्या नळ्या, दर काही वर्षांनी बदलावी लागणारी व्हीलचेअर, न्हाणीघराचं दार रुंद करणं, वेदना, गेलेलं आयुष्य अशी कलमं असतात, आणि वर व्याज. इतकेच मिळतील असं मी लिहून देत नाही, आकडे पुराव्यावर वरखाली होतात. पण बोलणी कुठून सुरू करायची ते कळलं.

पुरावा तयार करायचा तर एक शंभरपानी वही घ्या. रोजचं त्याच दिवशी लिहा : रात्री १ वाजता कूस बदलली, ३ वाजता परत, सकाळी नळी, पोट साफ करायला किती वेळ लागला, पाठीला लालसरपणा होता का, कुणी उचललं. शेजारी ग्लोव्हज, पॅड, औषधांची बिलं चिकटवा. शिलाईचं गिऱ्हाइकांच्या मापांचं जुनं पुस्तक असेल तर जपा, तुमची कमाई बंद झाल्याचा तो पुरावा. साक्षीच्या वेळी कंपनीचे वकील तुम्हाला हमखास विचारतील, "या कामाचे तुम्हाला कुणी पैसे देतं का?" नाही म्हणा, आणि लगेच सांगा की मी शिलाई सोडून हे करते आणि उद्या मी आजारी पडले तर माणूस ठेवावाच लागेल. मिस्टरांना कोर्टात नेणं झेपणार नसेल तर कोर्ट कमिशनर घरी येऊन जबाब घेऊ शकतो, तसा अर्ज वकिलांकडून द्या.

तडजोड वाईट असं माझं म्हणणं नाही. सात-आठ वर्षं खटला चालण्यापेक्षा योग्य आकड्याला लोक अदालतीत मिटवणं कितीदा तरी शहाणपणाचं ठरतं. मात्र ते न्यायाधिकरणासमोर, दावा दाखल झाल्यावर, वकील बरोबर असताना. लोक अदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही हेही लक्षात असू द्या. घरी येऊन चहा पिऊन होते ती तडजोड त्यातली नव्हे.

बँकेचं म्हणणं मला खटकलं. तुमच्या मिस्टरांचा मेंदू शाबूत आहे, त्यांना सगळं कळतं. पालक लागतो तो स्वतःचे निर्णय घेता न येणाऱ्याला. असा अर्ज कोर्टात टाकलात तर धडधाकट डोक्याच्या माणसाला तुम्हीच असमर्थ ठरवाल आणि पुढे प्रत्येक कागदाला अडाल. रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत : सही करता येत नसेल तर अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचासुद्धा ठसा चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखा व्यवस्थापकाला हे अर्जात लिहून द्या, पोच घ्या, आणि घरी येऊन सेवा देण्याची विनंतीही त्यातच करा.

मुखत्यारपत्र करायचं तर त्यासाठीही मिस्टरांना कुठे नेऊ नका. अशा माणसाला दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहण्याची सक्ती नाही, अधिकारी घरी येऊ शकतो. मुखत्यार तुम्हाला करायचं की दिरांना, हे मिस्टरांना विचारा, आणि अधिकार मोजके ठेवा : बँक, दवाखाना, दावा. जमीन-घर विकण्याचे नकोत. दिरांबद्दल मला शंका नाही, हॉस्पिटलचं देणं अंगावर असलं की चौदा लाख डोळ्यांपुढे मोठे दिसणारच. पण दावा तुमच्या मिस्टरांचा आहे. तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत, फक्त त्यांचं मत कुठे दिसलं नाही. हा हिशोब त्यांच्यासमोर मांडा.

राजीनामा देऊ नका. पगारपत्रकात ईएसआयची (कामगार विमा योजनेची) कपात (१८ हजारांवर साधारण १३५ रुपये) दिसते का बघा. त्या योजनेत कामावरून घरी येतानाचा अपघात, वेळ आणि रस्ता जुळत असेल तर, कामावरचा धरतात आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाला वेतनाच्या ९० टक्के दराने दरमहा रक्कम मिळते. टेम्पोमालकावरचा दावा त्याहून वेगळा, तो सोडायचा नाही. पीएफ कापला जात असेल तर पेन्शन योजनेतलं अपंगत्वाचं निवृत्तिवेतनही विचारा, त्याला एका महिन्याची वर्गणीही पुरते.

राहिली फी. "मिळेल त्यातले वीस टक्के द्या" म्हणणारे हॉस्पिटलच्या जिन्यातच भेटतात. वकिलाला निकालाच्या रकमेत वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, तेव्हा असा करार करू नका. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मिस्टरांच्या नावाने अर्ज द्या. प्रमाणपत्र अजून नसेल तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडा, आणि हे याच आठवड्यात करा.