आईबाबांना न्यायचंय, ब्रायटन की वेमथ?

प्रश्न: ताई, मी साउदॅम्प्टनला असते, जुलैत आईबाबा येतायत अलिबागहून. दोन दिवस समुद्राकाठी कुठेतरी न्यायचंय. सगळे ब्रायटन म्हणतात, ऑफिसमधली एकजण वेमथ म्हणाली. बाबांचे गुडघे दुखतात. काय करू?

उत्तर: डोळे झाकून वेमथ. ब्रायटनचा किनारा सगळा गोट्यांचा, धड चालता येत नाही, गुडघेदुखीवाल्याला तिथे नेणं म्हणजे छळच. वेमथला बारीक वाळू आहे, पाणी लांबपर्यंत उथळ, तुमच्याकडून थेट ट्रेन आहे आणि स्टेशनातून किनारा चालत पाच-दहा मिनिटं. पाणी मात्र जुलैतही गार असतं, आधीच सांगून ठेवा.

पण खरी मजा बंदरात. वे नदी समुद्राला मिळते तिथे जुना धक्का, रंगीबेरंगी घरं आणि १९३० चा उचलता पूल. उन्हाळ्यात साधारण दर दोन तासांनी गाड्या थांबवतात, पूल मधोमध दुभंगून वर उठतो नि शिडाच्या होड्या आतबाहेर करतात, बाबा तिथून हलणार नाहीत बघा. धक्क्यावर पोरं दोरीला जाळीची पिशवी बांधून त्यात बेकनचा तुकडा घालतात, खेकडे धरतात, बादलीत भरून मोजतात आणि परत पाण्यात सोडून देतात! आईंना हे बघवणार नाही, एवढं कालवण वाया गेलं म्हणून.

१३४८ ची प्लेगची साथ इंग्लंडमधे इथूनच शिरली असं मानतात, बंदरावर तशी पाटीपण आहे. आणि किनाऱ्यावर पुतळा दिसेल तो इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जचा, तब्येतीसाठी १७८९ पासून इथे समुद्रस्नानाला यायचा. आपली पेशवाई बुडाली तेव्हा गादीवर हाच होता, म्हणजे फोटो काढायचा की नाही ते बाबांनी ठरवावं.

दुसऱ्या दिवशी बसने पोर्टलंड बेटावर. वाटेत चेसिल बीच लागतो, २९ किलोमीटर नुसते गोटे, एका टोकाला वाटाण्याएवढे नि पोर्टलंडकडे बटाट्याएवढे. तिथे खाली उतरू नका, पाण्यात तर अजिबात नाही, किनाऱ्यालगतच एकदम खोल आहे आणि ओढ जबरदस्त. वर टेकडीवरून बघा, पूर्ण दिसतो. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल ज्या दगडाचं आहे तो पोर्टलंडच्याच खाणींतला. पुढे लाल-पांढरं दीपगृह आहे पण १५३ पायऱ्या, तुम्ही चढा, बाबांना खाली चहा घेऊन द्या.

चिप्स खाताना सीगल्सवर लक्ष ठेवा, हातातून पळवतात. आणि जुलैच्या शेवटी शाळांना सुट्टी लागली की रूमचे रेट भडकतात, त्याआधीचंच बुकिंग करा.