देश सुटला, म्हणून चित्रही सुटलं का?

"परदेशात स्थायिक झाल्यापासून हातून मनासारखं काही होत नाही. माझं सगळं काम तिकडच्या मातीतून यायचं. ती सुटली आणि आतलं सगळं आटलं." समुपदेशनाच्या कामात थोड्याफार फरकाने हेच मी चित्रकारांकडून, गाणाऱ्यांकडून, लिहिणाऱ्यांकडून ऐकत आले आहे. एका चित्रकाराच्या अनुभवातून त्याचं उत्तर देते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पंचेचाळिशीचे. पत्नीच्या नोकरीमुळे देश सोडलेला. मायदेशी त्यांचं नाव होतं. नदीकाठ, पाऊस, जुनी घरं हे त्यांचे विषय. नव्या देशातही काही वर्षं त्यांनी तेच रंगवलं आणि ते विकलंही गेलं. आपल्या माणसांना ते भिंतीवर हवं असायचं आणि तिथल्या गॅलरीलाही "तुमच्याकडचं काहीतरी" हवं असायचं. मग हळूहळू हात थांबला. कॅनव्हाससमोर उभं राहिलं की छातीत धडधड व्हायची. "मॅडम, प्रेरणा तिकडेच राहिली माझी," असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले.

अशा वेळी कलेबद्दल बोलण्याआधी मी झोप, भूक, रोजच्या कामातला रस यांची चौकशी करते. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाला भेटायला हवं. तिथे प्रेरणेची चर्चा करत बसणं धोक्याचं आहे. या गृहस्थांचं तसं नव्हतं.

पुढच्या भेटीला त्यांनी अलीकडची चित्रं दाखवली. एकात नदीकाठी वाकलेलं झाड होतं. मी विचारलं, "हे झाड शेवटचं कधी पाहिलंत?" ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. "ते तर मी निघायच्या आधीच तोडलं होतं. हे मी माझ्याच जुन्या चित्रावरून घेतलंय."

मला वाटतं, दुखणं इथे होतं. नदी त्यांच्यासमोर नव्हतीच, आठवणीतलीही नव्हती. ते आपल्याच चित्रांच्या नकला काढत होते, कारण त्या लोकांना आवडत होत्या. डोळ्याला नवं काही मिळत नव्हतं, म्हणून हात कंटाळला होता. आणि हाताच्या त्या कंटाळ्याला ते प्रतिभा संपली असं समजत होते. स्थलांतरित कलावंतांच्या बाबतीत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मायदेशची माणसं म्हणतात, "बदललास रे तू." नव्या देशातली म्हणतात, "तुमचं ते पारंपरिक दाखवा ना." दोन्हीकडून एकाच जागी उभं राहायचा आग्रह होतो आणि माणूस खरोखरच तिथे थिजतो.

मग मी त्यांच्या फोनमधले फोटो पाहायला मागितले. बांधकामाच्या परांच्या, ओल्या डांबरावरचे पांढरे पट्टे, हिवाळ्यातल्या दुपारी लांबच लांब पडलेल्या सावल्या. शेकडो फोटो, बहुतेकांत माणूस नाही. "हे काय?" म्हटल्यावर सहज म्हणाले, "काही नाही, येताजाता काढतो." त्यांचा डोळा इतकी वर्षं काम करत होता. त्याने जे पाहिलं त्याला 'विषय' म्हणायची परवानगी मात्र त्यांनी स्वतःला दिली नव्हती.

का दिली नव्हती, हे समजायला वेळ लागला. दरम्यानच्या काळात भावाने गावचं घर विकलं होतं. सह्या यांनी इथूनच पाठवल्या होत्या. अमेरिकी कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकापासून एका विशिष्ट वियोगाचा अभ्यास केला: ज्यात गमावलेलं पूर्ण गेलेलंही नसतं आणि आपल्यापाशीही नसतं. देश सोडणाऱ्याचं दुःख पुष्कळदा असंच असतं. घर उभं आहे, पण आपलं नाही. त्याचा शोक करायला कुणी जमत नाही, म्हणून तो होतच नाही. या माणसाने तो चित्रांतून टाळत आणला होता. नव्या देशातलं काही रंगवलं, तर घर दुसऱ्यांदा विकल्यासारखं होईल अशी त्यांना भीती होती.

एका भेटीत मी त्यांना त्या घराचा नकाशा आठवून काढायला सांगितला. चित्रकार झरीना हाश्मी यांनी आपल्या अलीगढच्या घराचे नकाशे आपल्या छापचित्रांत आणले होते, ते मनात होतं. माजघरापर्यंत रेषा सरसर आली. पुढची एक भिंत काही केल्या आठवेना. तिथे ते रडले, आणि मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

बेइमानीच्या भीतीसाठी मी त्यांना चित्रकार रझांची वाट आठवून पाहायला सांगितली. चित्रकार म्हणून ती त्यांना माहीत होतीच, पण स्वतःला लावून पाहिलेली नव्हती. सय्यद हैदर रझा १९५०मध्ये पॅरिसला गेले आणि कित्येक वर्षं फ्रान्समधली गावं, तिथली निसर्गदृश्यं रंगवत राहिले. १९६२मध्ये ते अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले, तिथल्या अमेरिकी अमूर्त चित्रांनी त्यांचा हात मोकळा केला. त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी बिंदू आला तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्याचा धागा होता लहानपणी शिक्षकांनी चित्त एकाग्र व्हावं म्हणून काढून दिलेल्या ठिपक्याशी. मधली फ्रान्सची वर्षं त्यात अडथळा ठरली नाहीत.

मात्र यातून "शेवटी मुळांकडेच यायचं असतं" असा अर्थ कुणी काढू नये, म्हणून मी डच चित्रकार मोंद्रियानचंही नाव घेते. युद्धाच्या सावटामुळे पॅरिस सोडून लंडन, तिथून १९४०मध्ये न्यूयॉर्क. वय ६८. तिथला बुगी-वुगी जॅझ त्याने भरभरून ऐकला आणि वर्षानुवर्षं जपलेल्या काळ्या रेषा त्याच्या चित्रांतून निघून गेल्या. त्यांच्या जागी रंगीत पट्ट्या आणि चौकोन आले. तो मागे वळला नाही, तरी काम त्याचंच राहिलं.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. तळहाताएवढे कागद, तेलरंग बाजूला ठेवून कोळसा आणि शाई, आणि काही महिने कुणालाही दाखवायचं नाही. विक्री थांबल्याने घरात ताण येणार होता, म्हणून एका भेटीला पत्नीलाही बोलावलं. त्या म्हणाल्या, "मला पैशांचं नाही हो, हे घरात असून नसतात त्याचं वाईट वाटतं." तो ताण त्या भेटीत बराच सैल झाला.

आता ते त्या परांच्यांची चित्रं रंगवतात. गॅलरीने पहिली चित्रं परत पाठवली, तेव्हा ते आठवडाभर खचले होते. नदीही अधूनमधून येते, पण काठाशिवाय, नुसतं पाणी. आमच्या भेटी अजून चालू आहेत. सध्या विषय आहे तो भावाशी घराबद्दल कसं बोलायचं हा.

तुम्हालाही हीच काळजी सतावत असेल, तर तुमचं शेवटचं काम समोर घ्या आणि त्यातली एकेक गोष्ट कुठून आली ते लिहून काढा: पाहिलेली, आठवलेली की आधीच्या कामातून उचललेली. तो कागद घेऊन समुपदेशकाकडे जा.