क्यू आणि झेड दोन्ही असलेले लांब इंग्रजी शब्द कसे शोधायचे?

खानापूरच्या मराठी शाळेतल्या मुलीसाठी विचारलंत, म्हणून आधी बिनइंटरनेटची रीत सांगतो. अक्षरं सुटी धरू नका. इंग्रजीत क्यूच्या मागोमाग बहुतेक वेळा यू येतो आणि झेड 'आइझ' या प्रत्ययातून सहज मिळतो. म्हणजे क्यू असलेला मूळ शब्द घ्या आणि शेपूट जोडा: ईक्वल, ईक्वलाइझ, ईक्वलायझेशन (12 अक्षरं). ट्रँक्विलचं ट्रँक्विलायझेशन केलं की थेट 15!

एक जपा. आपल्याकडे हेच शब्द झेडऐवजी एस घालूनही लिहितात. ऑक्सफर्डचे शब्दकोश झेड वापरतात, तरी शब्द स्पर्धेसाठी हवे असतील तर तिथे कुठलं स्पेलिंग धरणार ते आधीच विचारून घ्या.

मोबाइल असेल तर वनलुक (OneLook) या शब्द शोधायच्या संकेतस्थळाच्या शोधपट्टीत तारा (* हे चिन्ह), क्यू, तारा, झेड, तारा असं सलग टाका: *q*z*. तारा म्हणजे त्या जागी कितीही अक्षरं. मग क्रम उलटा करूनही बघा, नाहीतर 'बेझिक' (bezique, पत्त्यांचा एक खेळ) यासारखे झेड आधी येणारे शब्द निसटतात.

आपल्या बेळगाव भागातली पोरं मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्या सांभाळतात. प्रत्यय जोडणं त्यांना नवं नाही. यादी पाठ करायला लावू नका, शब्द घडवू द्या.