देखणा कोंबडा आणि बाकीचे दोन

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दुर्मीळ जातीचे तीन कोंबडे आणि नऊ कोंबड्या तुझ्या हाती आल्या. त्यातला एक कोंबडा फार देखणा, म्हणून बाकीचे दोन काढून टाकू का, असं तू विचारलं आहेस. काढू नकोस. बाकी काही पटलं नाही तरी एवढं ऐक.

पुढच्या पिढीत खरोखर किती पक्ष्यांचं वेगवेगळं रक्त उतरतं, याचा साधा हिशेब आहे. कोंबडे गुणिले कोंबड्या, त्याची चौपट, भागिले दोघांची बेरीज. एक कोंबडा आणि नऊ कोंबड्या धरल्या तर उत्तर ३.६ येतं. खुराड्यात दहा पक्षी, पण रक्ताच्या मोजणीत चारसुद्धा नाहीत. तिन्ही कोंबडे ठेवलेस तर तोच आकडा ९ होतो.

मी हे न मोजता तीन वर्षं एकच कोंबडा वापरला, त्याच्या लेकी-नातींवरसुद्धा. पिसारा दरवर्षी सुधारत गेला, म्हणून मी खूश होतो. पण अंड्यातच मरणारी पिलं वाढत होती. जवळच्या रक्ताचा दोष आधी उबवणीत दिसतो, पिसांत नाही. ती पिलं आजही आठवतात.

तू तीन कुटुंबं कर, प्रत्येकात एक कोंबडा आणि तीन कोंबड्या. लेकी आईच्याच कुटुंबात राहतील. पहिल्यातला मुलगा दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात, तिसऱ्यातला पहिल्यात जाईल. कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नकोस. आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं आणि बापाचा घोळ होतो.

रंगाची घाई नको. पहिली दोन वर्षं फक्त फळणारी अंडी, उबवण, सरळ पाय आणि वाढ बघ. निळसर राखाडी रंगाचं तू लिहिलंस, त्यात एक गंमत आहे. निळ्यावर निळा लावला की साधारण निम्मी पिलं निळी, पाव काळी आणि पाव पांढुरकी, ठिपक्यांची निघतात. काळी निघाली म्हणून जात बिघडली असं समजून ती टाकू नकोस. काळा आणि ठिपक्यांचा जोडलास तर सगळी पिलं निळीच येतात. चांगल्या हाडाचा काळा पक्षी मी तरी अशक्त निळ्यापेक्षा कधीही आधी ठेवीन.

तुरा, चोच, उभं राहण्याची ढब या गोष्टी पक्षी पूर्ण भरल्यावरच जोख. दोन महिन्यांत ऐटदार दिसणारा कोंबडा पुढे साधाच निघतो, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने कोंबडीचा क्रमांक लिही. सातव्या दिवशी उजेडात धरून अंडं फळलं आहे का ते बघ. अठराव्या दिवशी फिरवणं थांबवशील तेव्हा प्रत्येकीची अंडी वेगळ्या जाळीत ठेव, म्हणजे एकविसाव्या दिवशी कोणतं पिलू कुणाचं हे कळेल. पिलं सुकली की लगेच पायात कडी घाल.

पहिली तुकडी निघाली की नऊही कोंबड्यांचे आकडे वेगवेगळे लिहून पाठव. किती ठेवली, किती फळली, किती फुटली. न फुटलेलीही मोज.