काटा हलत नाही, पण बरे वाटते

या वेळच्या टपालात वजनाविषयीची पत्रे बरीच होती. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर लांबले आहे, कारण त्यात विचारलेली शंका इतर अनेक पत्रांतही डोकावत होती.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. चार महिन्यांपूर्वी मी रोज चाळीस मिनिटे चालायला सुरुवात केली आणि रात्री लवकर जेवू लागले. सुरुवातीला वजन ७८.६ किलो होते, आज ७७.२ आहे. चार महिने घाम गाळून दीड किलोही उतरले नाही, हे पाहून सगळे सोडून द्यावेसे वाटते. रोज सकाळी काट्यावर उभी राहते आणि त्या आकड्यावर माझा दिवस ठरतो. दुसरीकडे, दुपारी चारच्या सुमारास येणारी मरगळ हल्ली तितकी येत नाही, आणि ऑफिसचा तीन मजल्यांचा जिना चढताना मध्ये थांबावे लागत नाही. हे बदल खरे आहेत की मी स्वतःचीच समजूत घालते आहे? खरे असतील तर ते मोजायचे कसे?

उत्तर : तुमच्या पत्रातला सर्वांत भक्कम पुरावा जिन्याचा आहे, आणि तुम्ही तो अगदी शेवटी, काहीशा संकोचाने लिहिला आहे. जिना तोच आहे, पायऱ्या तेवढ्याच आहेत आणि वर न्यायचे वजनही जवळपास तेवढेच आहे. तरीही चार महिन्यांपूर्वी जे काम एका दमात होत नव्हते ते आज होते. हृदय, फुप्फुसे आणि पायांचे स्नायू मिळून तेच काम कमी श्रमात करू लागल्याशिवाय हे घडत नाही. नियमित चालण्याने हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि स्नायू प्राणवायूचा वापर अधिक चांगला करू लागतात. तुम्ही कोणत्या मनःस्थितीत आहात हे जिन्याला ठाऊक नसते, त्यामुळे समजूत घालण्याचा प्रश्नच येत नाही.

आता काट्याविषयी. निरोगी माणसाचे वजन एका दिवसात एक ते दोन किलोंनी सहज खालीवर होते आणि त्यात चरबीचा वाटा नगण्य असतो. आदल्या रात्रीचे खारट जेवण, मासिक पाळीपूर्वी अंगात साठणारे पाणी, पोट साफ न होणे, इतकेच काय, सवय नसलेला व्यायाम केल्यावर स्नायूंत तात्पुरते धरले जाणारे पाणी, हे सारे त्या आकड्यात मिसळलेले असते. शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवते तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवते. आहार बदलल्यावर पहिल्याच आठवड्यात भराभर वजन उतरते आणि मग घट अडून बसते, त्यामागे बहुधा हेच पाणी असते. तेव्हा तुम्ही चार महिन्यांपूर्वीच्या एका सकाळचा आकडा आजच्या एका सकाळच्या आकड्यातून वजा केला असेल, तर १.४ किलो या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही. खरी घट याहून जास्त असू शकते आणि कमीही असू शकते. वजन पाहायचेच असेल तर आठवडाभराच्या आकड्यांची सरासरी काढून ती मागच्या महिन्यातील सरासरीशी ताडून पाहा. त्या आकड्यावर दिवस ठरत असेल, तर मात्र काटा काही आठवडे कपाटात ठेवणे अधिक शहाणपणाचे.

‘चरबी जाते आहे पण स्नायू वाढत आहेत, म्हणून काटा हलत नाही,’ असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. वजने उचलण्याचा व्यायाम नव्याने सुरू करणाऱ्यांच्या बाबतीत त्यात तथ्य असते. केवळ चालण्याने चार महिन्यांत किलो-दीड किलो स्नायू वाढतील, यावर मात्र मी विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा कमरेचा घेर मोजा. वजन फारसे न घटताही नियमित व्यायामाने पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी कमी होऊ शकते, आणि मधुमेह व हृदयविकाराच्या दृष्टीने तीच अधिक त्रासदायक असते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे तर त्वचेवर, टेप आडवी धरावी. ती रुतू देऊ नये आणि सैलही सोडू नये. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचावा. पोट आत ओढून घेतलेले माप स्वतःलाच फसवते, हे वेगळे सांगायला नको. पंधरा दिवसांतून एकदा मोजणे पुरेसे आहे. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा साधा निकष आहे. उंची १५८ सेंटीमीटर असेल तर घेर ७९ च्या आत.

नाडीही मोलाची माहिती देते आणि तिच्यासाठी सेकंदकाट्याच्या घड्याळाशिवाय काही लागत नाही. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, तर्जनी आणि मधले बोट मनगटाच्या आतल्या बाजूस अंगठ्याच्या रेषेत हलके टेकवा. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्याचीच नाडी बोटाला लागते. तीस सेकंद ठोके मोजून दुप्पट करा आणि तीन सकाळींची सरासरी टिपून ठेवा. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके सर्वसाधारण मानले जातात. महिन्यामहिन्याने हा आकडा हळूहळू खाली येत असेल तर चालणे अंगी लागते आहे असे समजावे. ताप, अपुरी झोप किंवा मानसिक ताण असला की तो वर जातो, तेव्हा एखाद्या दिवसाच्या आकड्याने दचकू नये. नाडी मंदावणारी औषधे चालू असतील तर मात्र हे माप या कामाचे नाही.

एवढे सांगूनही मला अधिक महत्त्वाचे वाटते ते तुमच्या पत्रातले चार वाजताचे वाक्य. चालणे सुरू करण्यामागे ही मरगळच कारण होती का? तसे असेल तर मोजायला हवी ती मरगळ, किलो नव्हेत. माझ्याकडे गुडघेदुखीसाठी येणारे एक वयस्कर गृहस्थ भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज एकच खूण करीत असत : सकाळी पहिल्यांदा खुर्चीतून उठताना हात टेकावा लागला तर फुली, नाही लागला तर टिंब. पहिल्या महिन्याचे पान फुल्यांनी भरलेले होते, तिसऱ्या महिन्याच्या पानावर टिंबांची रांग सुरू झाली होती, आणि त्याच तीन महिन्यांत त्यांचे वजन तसूभरही घटले नव्हते. त्यांनी ती तिन्ही पाने फाडून माझ्यासमोर ओळीने मांडली, तेव्हा मला त्यांच्या फाइलमधल्या बाकी आकड्यांपेक्षा त्यांतून अधिक कळले. अशी खूण उपयोगी ठरते कारण ती ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकीच असते. ‘आज उत्साह दहापैकी किती’ असे विचारले की सहा लिहावे की सात यातच माणूस दमतो.

तुम्ही चार वाजता, म्हणजे त्याच वेळी, नोंद करा. रात्री आठवून लिहिलेली नोंद फसवी असते. दिवस वाईट संपला की दुपारही वाईटच गेली असे वाटू लागते. जिन्यासाठी आठवड्यातून एकदा, हातात नेहमीची पिशवी घेऊन, वर पोहोचल्यावर सलग दोन वाक्ये बोलता येतात का ते पाहा. याहून जास्त काही मोजू नका. झोप, पाणी, पावले, भूक, मूड, पचन असे दहा रकाने आखलेल्या वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिसऱ्या आठवड्यानंतर त्या बहुधा कोऱ्या असतात.

मनःस्थितीसाठी वेगळी वही नको, पण महिन्यातून एकदा जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची प्रश्नावली जरूर भरा. १९९८ साली तयार झालेल्या या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांत आपण प्रसन्न होतो का, शांत व निवांत होतो का, अंगात उत्साह होता का, ताजेतवाने होऊन जागे झालो का आणि रोजच्या आयुष्यात रस वाटेल अशा गोष्टी होत्या का, एवढेच विचारलेले असते. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण द्यायचे असतात. पंचवीसपैकी बेरीज तेराहून कमी आली तर डॉक्टरांशी बोलावे. त्यावरून आजार ठरत नाही, पण विचारपूस करण्याइतके कारण नक्की असते.

प्रश्न : वय ३१. माझे स्मार्टवॉच रोज सकाळी झोपेला शंभरपैकी गुण देते. रात्री छान झोप झाली असे वाटत असताना ते ६१ दाखवते आणि मग खरेच दिवसभर थकल्यासारखे होते. दहा हजार पावलेही क्वचितच पूर्ण होतात. मी विश्वास कोणावर ठेवू, घड्याळावर की स्वतःवर?

उत्तर : झोपेच्या बाबतीत स्वतःवर. झोपेचे टप्पे खात्रीने ओळखायचे तर झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूतील विद्युत लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण यांची नोंद घ्यावी लागते. मनगटावरचे यंत्र हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधते. एकूण किती वेळ झोपलात हे ते बऱ्यापैकी सांगते, पण गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती, यात त्याची गफलत होते. त्या अंदाजांपासून बनवलेला गुण म्हणजे अंदाजांची बेरीज. झोपेच्या आकड्यांची अशी धास्ती घेणाऱ्या रुग्णांसाठी २०१७ साली ‘ऑर्थोसोम्निया’ हा शब्दही वैद्यकीय लिखाणात आला, म्हणजे तुम्ही एकटे नाही.

दोन आठवडे हा प्रयोग करा. सकाळी घड्याळ पाहण्याआधी कागदावर ‘ताजे’ किंवा ‘जड’ यांपैकी एक शब्द लिहा आणि गुण दुपारनंतरच पाहा. दोन्ही नोंदी जुळत नसतील तर गुण दाखवण्याची सोय बंद करून टाका. सात तास झोपूनही वाचताना किंवा वाहनात बसल्यावर डोळा लागत असेल, किंवा झोपेत घोरताना मध्येच श्वास थांबतो असे घरचे सांगत असतील, तर मात्र तपासणी करून घ्यायलाच हवी, मग घड्याळ काहीही म्हणो.

दहा हजारांचे म्हणाल तर तो आकडा एका जाहिरातीतून आला. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. त्याहून कमी पावलांनीही प्रकृतीला फायदा होतो. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, ही प्रौढांसाठीची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अधिक विचारपूर्वक केलेली आहे.

प्रश्न : माझे पती ५२ वर्षांचे आहेत. व्यायाम सुरू केल्यापासून त्यांना खूप हलके वाटते, म्हणून रक्तदाबाची गोळी त्यांनी स्वतःच बंद केली आहे. ‘शरीर सांगते तेच खरे,’ असे ते म्हणतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. वर इतका वेळ मी स्वतःच्या अनुभवाची बाजू घेतली, पण रक्तदाबापाशी ती बाजू संपते. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही, आणि रक्तातील साखर किंवा कोलेस्टेरॉल यांचेही बरेचसे तसेच आहे. या ठिकाणी शरीर काहीच सांगत नसते. सांगते ते यंत्र. व्यायामाने रक्तदाब उतरतो हे खरे आहे आणि कधी गोळीचा डोस कमीही करता येतो, पण तो निर्णय डॉक्टरांनी नोंदी पाहून घ्यायचा असतो. पतीने आजच डॉक्टरांशी बोलावे, आणि दरम्यान आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून लिहावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान किंवा व्यायाम नको. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला असावा. मोजताना बोलू नये. आणि एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. पहिला जास्त आला म्हणून खोडू नये.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. गेल्या सहा महिन्यांत ७१ किलोंवरून ६६ वर आलो आहे. आहार किंवा व्यायाम यांत काहीही बदललेले नाही. नातेवाईक अभिनंदन करतात, मलाही मनातून बरे वाटते. ही चांगलीच गोष्ट ना?

उत्तर : अभिनंदन तूर्त बाजूला ठेवा. काहीही न बदलता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरणे ही तपासणीची खूण असते, आणि तुमचे सात टक्के उतरले आहे. कारण साधे निघू शकते : दातांचा त्रास, एखाद्या औषधाने मेलेली भूक, उदासी. थायरॉइडचा विकार, मधुमेह, आतड्यांचा आजार किंवा कर्करोग हीही कारणे असू शकतात, आणि यांपैकी बहुतेकांत लवकर निदान झाले तर उपचार सोपे जातात. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. जाताना वजनाच्या जुन्या नोंदी, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, आणि भूक, शौचाच्या सवयी किंवा झोप यांत काही फरक पडला असेल तर तो कधीपासून, हे एका कागदावर लिहून सोबत न्या.