सायनसच्या ऑपरेशननंतर घरी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन झालेल्यांची पत्रं आली की निम्म्यांत तेच ते प्रश्न असतात. म्हणून त्यांतले काही एकत्र घेतले आहेत.

ऑपरेशनला पाच दिवस झाले. नाक आधीपेक्षा जास्त चोंदलंय, डोकं जड आहे. ऑपरेशन फसलं का?

नाही. आत सूज आहे, साकळलेलं रक्त आणि खपल्या आहेत. दोन-तीन उशांवर डोकं उंच ठेवून झोपा, नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून शिंका. खपल्या बोटाने किंवा काडीने काढू नका. त्या काढायलाच तपासणीला बोलावलेलं असतं, ती तारीख चुकवू नका.

दुखायला लागलं तर कोणती गोळी घ्यावी?

डॉक्टरांनी लिहून दिलेली. बहुतेकांना पॅरासिटॅमॉल पुरते. घरात पडलेली आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन सुरू असेल, तर ती बंद-चालू करण्याआधी दोन्ही डॉक्टरांना विचारा.

वेखंड, निलगिरी घालून वाफ घेतली तर चालेल?

सर्जनने सांगितल्याशिवाय नको. ताज्या जखमेवर गरम वाफेने रक्त येऊ शकतं, आणि भांडं कलंडून भाजलेली माणसंही मी पाहिली आहेत.

केमिस्टने नाक मोकळं करणारे थेंब दिले. लगेच बरं वाटतं, पण दोन तासांत पुन्हा बंद होतं. दिवसातून किती वेळा घालावेत?

एकदाही नाही, तुमच्या सर्जनला विचारेपर्यंत. हे थेंब सलग पाच-सहा दिवसांपेक्षा जास्त घातले, की त्यांचा अंमल उतरताच नाक उलट जास्त चोंदतं. मग ते सुटत नाहीत. असे वर्षानुवर्षं खिशात बाटली घेऊन फिरणारे पेशंट माझ्याकडे येतात. चिठ्ठीशिवाय बाटली विकणाऱ्याला पुढच्या वर्षाचं गिऱ्हाईक मिळतं, एवढंच.

मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलंय. फिल्टरचं पाणी घेतलं तर चालेल ना? एका व्हिडिओत नळाच्या पाण्यानेच जलनेती करताना दाखवलंय.

नाही चालणार. इथे मला थोडं सविस्तर बोलू द्या. नाक धुणं हे या काळातलं सर्वांत गुणकारी घरगुती काम आहे, आणि लोक नेमकं त्यातच पाण्याची हयगय करतात. प्यायलेल्या पाण्याला जठरातल्या आम्लाचा पहारा असतो. नाकात गेलेल्या पाण्याला तसा नसतो, आणि नाकाच्या छतापासून मेंदू जवळ आहे. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा याच वाटेने मेंदूत शिरतो. 2011 साली अमेरिकेत लुईझियानामध्ये नेतीपात्रात नळाचं पाणी वापरणारे दोघे त्याने दगावले. केरळात 2024 साली दगावलेल्या मुलांमध्ये तलावात पोहलेली मुलं होती. हा आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा जीव घेतो, आणि तो टाळायला फक्त पातेलंभर पाणी उकळायचं आहे! टँकरचं, बोअरचं, नळाचं, फिल्टरचं, कुठलंही पाणी असो, खळखळून उकळी फुटल्यावर पाच मिनिटं उकळू द्या. झाकून कोमट होऊ द्या. लिटरभर पाण्याला सपाट दीड छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा पुरतो. नुसत्या पाण्याने नाक झोंबतं, म्हणून मीठ वगळू नका. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी टाकून द्या. बाटलीही उकळलेल्या पाण्यानेच धुवून उघडी वाळवा. पाणी अलगद सोडा, जोराने दाबू नका. केव्हापासून आणि दिवसातून किती वेळा, हे मात्र तुमच्या सर्जनकडूनच ऐका. ऑपरेशन प्रत्येकाचं वेगळं असतं. ‘हर्बल नेझल वॉश’च्या महागड्या बाटल्यांची गरज नाही. आणि नाकात तूप किंवा तेल सोडा असं कुणी सांगितलं, तर सर्जनला विचारल्याशिवाय काहीही सोडू नका.

सहा दिवस झाले, वाकलं की एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपटपतं. घरचे म्हणतात सर्दी आहे, आठवडाभर बघू. काय करावं?

आठवडाभर अजिबात बघू नका. धुतलेलं पाणी सायनसमध्ये अडकून नंतर गळतं, हे खरं. पण मेंदूभोवतीचं पाणीही असंच गळतं, आणि ते कोणतं हे घरी बसून ठरवता येत नाही. शिंकरू नका, नाक धुणं थांबवा, गळलेलं थोडं पाणी स्वच्छ डबीत धरा आणि आजच सर्जनकडे जा. सोबत ताप, मान आखडणं, असह्य डोकेदुखी, डोळ्याला सूज किंवा एकाचे दोन दिसणं असेल, तर वेळ मागत बसू नका, थेट इमर्जन्सी विभागात जा.